मागे मोकळं

गाडी दोनच डब्यांची. उमेदीची वर्षं तिने मोठ्या शहरात काढली आणि थकल्यावर या डोंगरातल्या एकेरी मार्गावर आली. ड्रायव्हर तोकुजी कुसाका तिच्यासारखाच, एकसष्टीचा.

दुपारचे पावणेतीन. तोकुजीने खिशातलं घड्याळ समोरच्या खाचेत ठेवलं. खिडकीशी स्टेशनवरचा इसोबे हात चोळत उभा होता.

"या मार्चमध्ये गाडी भंगारात जातेय म्हणे. तूही तिच्यातच बसून जा."

"तुला आधी पोचवतो, मग जातो," तोकुजी हसला.

तेवढ्यात आत फोन वाजला. इसोबे गेला आणि धावतच परत आला. चेहरा उतरलेला.

"तोकुजी... शेजारणीचा फोन होता. मित्सुए घरात नाही. दार सताड उघडं आहे."

मित्सुए म्हणजे तोकुजीची बायको. दोन वर्षांपासून तिला दिवस कळत नसे, वार कळत नसे. एवढंच आठवे की नवऱ्याला डबा पोचवायचाय. मग ती रुळांच्या कडेने चालू लागे. आज सकाळपासून बर्फ पडत होता.

"दुसरा ड्रायव्हर?"

"नाही रे. आणि रूळ तुझ्या घरावरूनच जातात. बघत जा."

तोकुजी निघाला. आत मोजून पाच माणसं. बाकांखालच्या हीटरमधून तापलेल्या धुळीचा वास येत होता. काचेपलीकडे नुसतं पांढरं.

सिग्नल दिसला की बोट रोखायचं आणि मोठ्याने म्हणायचं, असा रिवाज. त्याने बोट रोखलं. "पुढे मोकळं."

"पुढे मोकळं," पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

 तोकुजीने तो आवाज ओळखला. गार्ड ओगाताचा. पूर्वी तिकिटं तपासून झाली की ओगाता टोपी सावरत काचेमागे येऊन उभा राही आणि त्याचं प्रत्येक बोलणं परत म्हणे. ओगाताला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यानंतर या गाडीवर गार्ड नेमलाच नाही.

तो कसा गेला, ते एकट्या तोकुजीला ठाऊक होतं. असाच बर्फ होता. ओगाता दोन डब्यांच्या मधे वाकून जोडावरचा बर्फ झाडत होता. तोकुजीने त्याच्या निघण्याच्या घंटेची वाट पाहिली नाही. सवयीने बोट उठलं, तोंड बोललं, "मागे मोकळं," आणि गाडी हलली. डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. चौकशीत तो म्हणाला, घंटा झाली होती.

"ओगाता," तो पुटपुटला, "माझं काय करायचं ते कर... तिला काही करू नकोस."

 घर मागे गेलं. बोगद्याआधीच्या वळणावर त्याचं बोट आपोआप उठलं.

"पुढे मोकळं."

"पुढे मोकळं," मागचा आवाज म्हणाला. या वेळी अगदी कानाशी.

आणि तोकुजीला कळलं, आपण पाहिलेलं नाही. आजही नाही. त्याने ब्रेक ओढला. चाकं किंचाळली, कोणाचे तरी मुळे घरंगळत पुढे आले. तो खाली उतरून धावला.

वीस पावलांवर रुळांमधे मित्सुए बसली होती. अंगावर बर्फ, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा.

"अगं... इथे का बसलीस?"

"ते टोपीवाले म्हणाले, इथेच बसा. तो बघणार नाही, पण बसा."

त्याने तिला छातीशी धरून गाडीत आणलं. पुढच्या बाकावर बसवलं, आपला कोट पांघरला. तिचे ओठ निळे पडले होते. पुढचं स्टेशन सात मिनिटांवर. तिथे शेगडी होती, डॉक्टर होता.

तोकुजी जागेवर बसला. निघण्याआधी मागे बघायचं. त्याने आरशात पाहिलं, या वेळी खरंच पाहिलं.

दोन डब्यांच्या मधे एक टोपीवाला माणूस वाकलेला होता.

तोकुजी उतरून मागे गेला. कोणी नव्हतं, पावलंही नव्हती. फक्त जोडावरचा बर्फ नुकताच झाडलेला. परत येऊन त्याने आरशात पाहिलं. माणूस वाकलेलाच. पुन्हा गेला, पुन्हा आला. तीनदा.

"अहो ड्रायव्हर," मुळेवाली म्हातारी ओरडली, "बाई गारठल्यात तुमच्या! निघा की!"

त्याने बोट उचललं. तोंड उघडेना. इकडे ती, तिकडे तो. "बाबा रे, बाजूला हो," तो रडत म्हणाला. "घंटा झाली नव्हती. मी खोटं बोललो..."

मित्सुए डब्याचं फडकं सोडत होती. "त्यांना घाई करू नका हो," ती शांतपणे म्हणाली. "जेवायलाच बोलावलंय मी त्यांना."

तोकुजीने पुन्हा आरशात पाहिलं. दोन डब्यांच्या मधे आता कोणीच नव्हतं.

त्याच्या पाठीमागे प्रवाशांचं दार हळूच सरकलं, आणि मग बंद झालं.