पंचविशीच्या आत

धाकट्या बहिणीला नोकरी लागली तर विजीच्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब इंडोनेशियातल्या सेमारांगच्या आमच्या गल्लीनं केव्हाच मांडून ठेवला होता. आईची पेचेलची, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांची, टपरी बंद होईल, पहाटेपासून शेंगदाणे कुटून भरून येणाऱ्या विजीच्या दंडांना विसावा मिळेल, आणि जमलं तर लग्नही होईल! फक्त एक रक्कम कुणी धरलीच नव्हती. विजीला स्वतःलाही नोकरी हवी होती. सोमवारी बुटांच्या कारखान्यात भरती होती. तिथं पंचविशीच्या आतल्याच मुली घेत, आणि विजी पंचविशीच्या उंबऱ्यावर उभी होती. पुढची भरती येईतो तिचं वय उलटलेलं असणार होतं.

अशात धाकट्या नस्तितीला बंदरावरच्या एका कचेरीचं बोलावणं आलं, आणि पोरगी हसायची सोडून चुलीपाशी बसून हमसाहमशी रडू लागली.

“शुक्रवारी या म्हणतात, मूळ प्रमाणपत्र घेऊन! कुठून आणू? ते त्या हार्सोनोच्या कपाटात कुलपात पडलंय!”

“त्यांना विचारून तरी बघ,” विजी म्हणाली.

“विचारलं! वर्ष भरल्याशिवाय कागद मिळायचा नाही म्हणाला. ताई, दोन वर्षं दारोदार फिरले मी. जिथं जावं तिथं एकच, अनुभव आहे का? अगं, कुणी पहिल्यांदा घेतल्याशिवाय अनुभव काय झाडाला लागतो? शेवटी हा फरशीवाला म्हणाला, अनुभव देतो, पण कागद माझ्यापाशी ठेव. आता अनुभव मिळतोय तर कागद नाही, आणि कागदावाचून त्या अनुभवाला कुत्रंही विचारत नाही!”

“रडू नको गं… काहीतरी मार्ग निघेल.”

“तुला काय कळणार? तुला कधी कुणी ‘नाही’ म्हटलंय? तू कुणाच्या दारात गेलीसच कधी!”

विजीच्या हातातला बत्ता थबकला. बाबा गेले तेव्हा घरात एकीच्याच कॉलेजपुरतं होतं, आणि ‘मला मेला अभ्यास आवडतच नाही’ असं हसत सांगून विजीनं ते ताट बहिणीपुढं सरकवलं होतं. ते खोटं तिनं इतकं चोख वठवलं होतं, की आज त्याचीच शिक्षा ती भोगत होती… पण उलट बोलायला तोंड उघडावं, तर समोरचे ते रडून सुजलेले डोळे!

दुसऱ्या दिवशी ती आपलं बारावीचं प्रमाणपत्र घेऊन हार्सोनोंच्या दुकानात गेली. वडीलधाऱ्यांना आमच्याकडे आदरानं ‘पाक’ म्हणतात, आणि पाक हार्सोनो म्हणजे बोलण्यात साखर. गिऱ्हाइकाला तडा गेलेली फरशीसुद्धा ते ‘नक्षी आहे’ म्हणून विकत.

“बहिणीच्या जागी तू येतेस? अनुभव?”

“सहा वर्षं टपरी सांभाळते, पाक. माल आणते, उधारी वसूल करते.”

“बाळ, त्याला अनुभव नाही म्हणत. त्याला घरकाम म्हणतात.” ते प्रेमळ हसले. “पण असू दे. मुलीच्या बदल्यात मुलगी, कागदाच्या बदल्यात कागद. वर्ष मात्र शुक्रवारपासून नव्यानं मोजायचं हं! तिचे महिने तिच्याबरोबर गेले.”

“पाक, थोडे तरी धरा ना…”

“मग राहू दे की. माझी कुठं जबरदस्ती आहे?”

विजीनं सही केली. कपाटाचं दार लागलं, आणि आपल्याच हातांनी आपल्या आयुष्यावर माती लोटल्यासारखं तिच्या काळजात हललं. कागदावाचून सोमवारी कारखान्याच्या फाटकाशी उभं राहण्यातही अर्थ नव्हता.

आईला तिनं सांगितलं. आईनं पदराचं टोक तोंडात कोंबलं. दोन डोळ्यांतला कुठला ठेवायचा, असं विचारल्यावर माणूस दुसरं काय करणार? नस्तितीला मात्र विजी एवढंच म्हणाली, “पाया पडले, दिलं त्यांनी.” नस्तितीनं आनंदानं मिठी मारली, ती त्या कागदाला!

शुक्रवारी भरदुपारी ती बूट हातात घेऊन अनवाणी परतली.

“जागा साहेबांच्या भाच्याला आधीच दिली होती, आई. मुलाखती घेतल्याचं दाखवायला आम्हाला बोलावलं होतं… मला चहा दिला. चहा चांगला होता.” आणि भोवती बघत तिनं विचारलं, “ताई कुठंय?”

आईचा बांध फुटला. सारं ऐकून नस्तिती तशीच अनवाणी धावत दुकानात गेली. विजी गुडघ्यांवर बसून फरशा पुसत होती.

“पाक, मला परत घ्या! तिचा कागद द्या! सोमवारी तिची भरती आहे हो…”

“अगं, जागा एकच होती, ती भरली,” हार्सोनो हळहळले. “आणि खरं सांगू? तू फरशा फोडायचीस. ही कामाची आहे.”

नस्तिती बहिणीपुढं कोसळली. “का केलंस गं असं? मी तुला काय काय बोलले… आणि तू!”

“वाटलं, या वेळी तुला कुणीतरी ‘हो’ म्हणेल,” विजीनं ओल्या हातांनी तिचे डोळे पुसले. तिचे स्वतःचे कोण पुसणार? “ऊठ. पाय भाजलेत तुझे. घरी जा, आईला जेवणाच्या गर्दीत एकटीला झेपत नाही.”

सोमवारी कारखान्याचं फाटक उघडलं आणि मिटलं. त्या सकाळी दोघी बहिणी कितीतरी वर्षांनी एका ताटात जेवल्या, आणि एक दुकानाकडे, दुसरी पुन्हा दारं ठोठावायला निघाली.

आता बेरीज करायची तर अशी. हार्सोनोंना फरशा न फोडणारी मुलगी मिळाली, तीही पुऱ्या वर्षासाठी. बंदरावरच्या साहेबांना भाचा मिळाला. आईला एका ताटात दोन्ही लेकी दिसल्या. नस्तितीला कागद मिळाला, आणि बहीण मिळाली. एवढ्या सगळ्यांची किंमत कुणी भरली? विजीनं. एकरकमी. पंचविशीच्या आतलं उरलंसुरलं सगळं वय मोजून!