सातवा खांब

मंगळवारी सकाळी विमलताई पोहोचल्या, तेव्हा देवीलाल राठोडला दोरीनं बांधून जीपमध्ये मागं बसवलं होतं. दुपारी त्याला दिग्रसच्या कोर्टात उभं करणार होते. आरोप खांबाच्या चोरीचा.

विमलताई गावच्या पोलीस पाटील. फिर्यादी घनश्यामबापूंच्या घरात त्या आज पहिल्यांदाच शिरल्या. त्यांच्या आईला अंगणातूनच परत पाठवायचे.

घराचा सांगाडा सगळा सागवानी, खिळा एक नाही. गोंड राजा इथं मुक्कामी होता, म्हणून सातव्या खांबावर हत्तीवर चढलेला सिंह कोरलाय, असं बापू सांगत. आता छताला निलगिरीच्या बल्लीचा टेकू होता आणि शेजारी त्या सातव्या खांबाखालचा दगडी तळखडा उघडा पडला होता.

"खांब शेवटचा कधी पाहिला, बापू?"

"काल सांजच्याले. म्याच कुंकू लावलं. देवीलाल दिवसभर छपरावर चढून कवेलू फेरून राह्यला व्हता. रात्री त्यानंच नेला."

"एकट्यानं?"

"तांड्यावरचे लोक हायेत, विमल. तुले काय सांगू?"

जीप घेऊन आलेला ठाण्याचा जमादार हसला.

विमलताई खाली बसल्या. शेणाचं सारवण वाळून तडकलं होतं. बोटांच्या अर्धगोल रेघा भिंतीपासून निघून तळखड्याच्या मधोमध गेल्या होत्या.

"काकू, सारवलं कधी?"

बापूंची बायको शकुबाई दाराआडून म्हणाली, "आयतवारी. मंग नाही. नेहमी सारवणाऱ्या लालीबाईले येऊ नको म्हणलं यायनं, तं मलेच करा लागलं."

"काहून येऊ नको म्हणलं?"

शकुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

विमलताई उठल्या. "जमादारसाहेब, खांबाच्या बुडाखालून काकूंचा हात जाते का? तळखडा मधोमध सारवला हाय. म्हणजे आयतवारी खांब नव्हताच. मंग काल बापूंनी कुंकू कायले लावलं? खांब आधीच गेला. ओढल्याच्या खुणा बुजवाले सारवून घेतलं. लालीबाई गावात बोलली असती, म्हणून तिले अडवलं. देवीलालले काल कामावर बोलावलं, ते चोर हाताशी असावा म्हणून. शुक्रवारी पुरातत्त्ववाले खांबाची नोंद कराले येणार, त्याईचं पत्र माह्याकडं हाय. मंग काही विकता आलं नसतं."

बापू बल्लीला टेकले. "घरात कापूस पडून हाय, गिऱ्हाईक नाही. खांबाले व्हतं. नागपूरच्या हॉटेलवाल्यानं शनिवारी गाडी धाडली."

"घर तुमचं, खांब तुमचा. देवीलाल कायले?"

"पुरातत्त्वच्या सायबाले काय सांगू, राजाचा खांब हॉटेलले देल्ला? चोर तं दाखवा लागन ना."

"अन् तांडा जवळ पडला."

जमादारानं देवीलालची दोरी सोडली. मनगटावर वळ उठले होते. माफी कोणी मागितली नाही. देवीलालनं चपला शोधल्या, सापडल्या नाहीत. अनवाणीच तांड्याकडं निघाला.

खोट्या फिर्यादीच्या जबाबासाठी बापूंना ठाण्यात न्यायचं होतं. जमादारानं जीपचं पुढचं दार उघडलं. "या बापू, बसा."

विमलताईंनी ते दार लावलं.

"मागं," त्या म्हणाल्या. "देवीलाल व्हता तिथं."