मॅविसनं घडी घातलेलं पॅराशूट

ग्रॅहमला तुम्ही सगळे ओळखता. नळ दुरुस्त करणारा, माझ्या शेजारचा. बाता मारणारा माणूस नाही तो. त्याच्यावर बेतलं ते सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये मला थांबवू नका.

गेल्या साली मार्चमधली पौर्णिमा, शुक्रवारची रात्र. ग्रॅहमच्या बायकोनं त्याच्या हातात सूपचा डबा दिला आणि आत्याला पोचवून ये म्हणाली. मॅविस आत्या, त्याच्या बापाची बहीण. शंभरीला टेकलेली, पण जुन्या विमानतळाच्या कडेला एकटीच राहायची. कुणाचं ऐकेल तर शपथ. त्या विमानतळावर आता वाटाणा पिकतो. दुसऱ्या महायुद्धात तिथून विमानं उडायची ती पौर्णिमेच्या आसपासच. दिवे बंद, खाली चांदण्यात चमकणाऱ्या नद्या बघत थेट फ्रान्स. तिथे जर्मनांशी लपूनछपून लढणाऱ्यांना बंदुका टाकायची, कधी माणसंही. मॅविस त्याच तुकडीत होती. रेशमी पॅराशूटच्या घड्या घालायची.

ग्रॅहम पोचला तर सगळे पडदे ओढलेले. आत्यानं डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आज तू विचार तिला," म्हणाली. "माझ्यानं होत नाही."

कुणाला, ते मग तिनं सांगितलं. जन्मभर कुणापाशी बोलली नव्हती. तिच्याच वयाची एक फ्रेंच पोर, विमानात बसण्याआधी केसांना पिन मागायला घड्या घालायच्या शेडमध्ये आली होती. घड्या घालणाऱ्या पोरींची एक ठरलेली थट्टा असायची, उडी मारणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. मॅविसनं तिलाही ऐकवली: "उघडलं नाही तर परत आणून दे, बदलून देऊ." पोर खळखळून हसली आणि गेली. युद्ध संपल्यावर कळलं, ज्या शेतात उतरायची होती तिथेच मेलेली सापडली. कशानं, ते कुणी सांगितलं नाही. गोळी लागली? की पॅराशूटच उघडलं नाही?

"तेव्हापासून पौर्णिमेला फाटकाशी येते रे. छातीशी गाठोडं धरून. परत द्यायला आलीय. माझ्या हातानं मेली ती."

ग्रॅहमनं तिची समजूत काढली. शंभरीत माणसाला नको ते पाहुणे दिसतात, असं काहीतरी बोलला. आत्या हसली नाही.

आणि मग... घरघर. दूरवरून. जड.

कपाटातले कप वाजू लागले. ग्रॅहमला वाटलं, ट्रक असेल. पण त्या बाजूला रस्ता नाही.

घरघर छपरावरून गेली. थांबली.

त्यानं पडदा सारला. फाटकाशी कुणीतरी उभं होतं. पोरगीच. हातात गाठोडं.

"जा ना रे," आत्या म्हणाली. "एवढं कर माझ्यासाठी."

तो गेला. फाटकाला हात लावला नाही त्यानं. अलीकडूनच विचारलं, "उघडलं होतं का?"

...

ती बोलली नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या मागे, खिडकीकडे बघत होती. आत्याकडे. वाट बघत होती.

त्याचा धीर सुटला. पळत आत आला, कडी घातली.

"काय म्हणाली?"

"उघडलं होतं म्हणाली, आत्या."

आत्यानं त्याच्या गालावरून हात फिरवला. "लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही," म्हणाली. आणि रडली. रडणारी बाई नव्हती ती. त्यानं तिचा हात धरून ठेवला, दुसरं काय करणार? पहाटे, खुर्चीतच, ती गेली. इथवर सांगितलं की ग्रॅहम उठून बाहेर जातो. मला विचाराल तर वाईट याचंच वाटतं, की ती एक शंका बाईनं सारं आयुष्य उराशी बाळगली आणि तीच घेऊन गेली.

उजाडल्यावर डॉक्टर आले म्हणून ग्रॅहमनं दार उघडलं.

उंबऱ्यापासून फाटकापर्यंत, सगळ्या अंगणभर, पांढरं रेशीम पसरलेलं. दवानं भिजलेलं. कुठे गुंता नाही, घडी नाही. आणि मधोमध गोळ्यांची भोकं.

पुरतं उघडलेलं होतं, पोरांनो.