दखल-लहर

जीवरक्षक रेश्मा मुजावरनं पोहण्याच्या तलावातून एका मुलाला जिवंत बाहेर काढलं, आणि त्याच वेळी तिच्यापासून दहा-बारा हातांवर एक मुलगी बुडून मेली. पोलीस आले तेव्हा रेश्मा त्या मुलाच्या छातीवर दाब देऊन पाणी काढत होती. त्यांनी तिला तेवढं करू दिलं. मग पहिलं काम केलं ते तिच्या कपाळावरची पट्टी सोडवून सीलबंद करण्याचं.

ही पट्टी तोवर सगळ्यांच्या सवयीची झाली होती. बसचालक, परिचारिका, पाळणाघरातल्या बाया, जीवरक्षक, ज्यांच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो अशा प्रत्येकाला कामावर असताना ती घालावीच लागे. कायद्यात तिचं नाव 'अवधान-नोंदयंत्र' असं भारदस्त होतं. लोक तिला दखलपट्टी म्हणत. बुबुळं कुठं वळली आणि त्या क्षणी मेंदूत काय घडलं, हे दोन्ही ती टिपून ठेवी. अपघातानंतर माणसांच्या जबान्यांना आता फारशी किंमत उरली नव्हती. माणूस विसरतो, घाबरतो, वेळ आली तर खोटंही बोलतो.

या पट्टीमागचं शास्त्र डॉ. केतकी रणपिसे यांचं होतं. कृष्णाकाठच्या एका विद्यापीठात, मानसशास्त्र विभागाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी कारकीर्द एकाच प्रश्नावर गेली होती: समोर असलेली गोष्ट माणसाला दिसते केव्हा आणि दिसत नाही केव्हा? विद्यार्थ्यांना त्या नेहमी एक उदाहरण देत. लग्नाच्या मांडवात आपलं हरवलेलं मूल शोधणाऱ्या आईच्या नाकासमोरून तिची सख्खी बहीण जाते आणि तिला दिसत नाही. बहिणीचं चित्र डोळ्यात उमटलेलं असतं. डोळ्यांत दोष नसतो. पण लक्ष ही अरुंद गोष्ट आहे. त्यात एक शिरलं की दुसऱ्याला जागा राहत नाही.

तरुणपणी केतकीबाईंनी एक प्रयोग केला. पडद्यावर पोहणारे निळे मासे मोजायला सांगायचं आणि मध्येच एक लाल होडी सोडायची. निम्म्या लोकांना होडी दिसायचीच नाही. पण ती न दिसलेल्यांपैकी काहींच्या मेंदूत होडी आल्यावर निमिषभरात एक बारीकशी लहर उमटे. मेंदूनं होडीची दखल घेतली होती. मालकाला कळवलं नव्हतं, इतकंच. त्यांनी तिला नाव दिलं दखल-लहर. त्या एका लहरीवर त्या प्राध्यापक झाल्या, विभागप्रमुख झाल्या, परदेशी व्याख्यानं देऊन आल्या आणि शेवटी कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीवर गेल्या.

समितीतल्या एका वकिलानं त्यांना विचारलं होतं, "म्हणजे लहर उमटली तर माणसानं पाहिलं, असं धरायचं ना?"

"ढोबळमानानं तसं म्हणता येईल," त्या म्हणाल्या होत्या.

कायदा छापून आला तेव्हा त्यात 'ढोबळमानानं' हा शब्द नव्हता. त्यांनी सचिवांना फोन केला. सचिव हसून म्हणाले, "मॅडम, कायद्यात असले शब्द बसत नाहीत." त्या आठवड्यात प्रयोगशाळेला नवी यंत्रं मंजूर झाली होती. केतकीबाईंनी विषय वाढवला नाही.

रेश्माच्या पट्टीत लहर सापडली. साधीसुधी नाही, चांगली ठसठशीत. अर्थ उघड होता: मुलगी बुडतेय हे हिनं पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. 'ज्ञात दुर्लक्ष' या कलमाखाली तिच्यावर खटला उभा राहिला.

जामिनावर सुटल्यावर ती विद्यापीठात आली. पोहून तांबूस झालेले केस, पायात साध्या चपला, अंगावर भावाचा ढगळ शर्ट. केतकीबाईंनी खुर्ची दाखवली तरी ती उभीच राहिली.

"वकिलांनी पाठवलंय का तुला?"

"नाही मॅडम. माझी मीच आले. हे यंत्र तुम्हीच शोधलंय म्हणतात. मला एकच विचारायचंय. मी तिला बघितलं होतं का?"

"तुला काय वाटतं?"

"मला तो पोरगा तेवढा दिसत होता. त्यानं माझ्या गळ्याला मिठी मारली होती, मीच खाली चालले होते. दुसरं काहीच नव्हतं बघा. पण पट्टी म्हणते, बघितलंस. अम्मी म्हणते, यंत्र कशाला खोटं बोलेल? सारखं तेच तेच आठवून बघतेय मी. आता कधी कधी वाटतं, कडेला काहीतरी हललं होतं."

केतकीबाई उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"नीट ऐक. ही लहर म्हणजे काय, हे मला अलीकडेच कळलंय. राजवाड्याच्या दारावर पहारेकरी असतो ना, तो येणाऱ्याला ओळखतो, पण कशासाठी? आत सोडायचं की हाकलायचं हे ठरवायला. मेंदू तेच करतो. हातातल्या कामात ज्याचा अडथळा होईल त्याला दारातूनच परत पाठवतो. लहर उमटते ती हाकलताना. जे हाकललं, ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही."

"म्हणजे मी बघितलं नाही?"

"नाही. आणि काम जितकं मन लावून करावं तितकी लहर मोठी उमटते. कामचुकार माणसाच्या पट्टीत ती येतच नाही. तुझी एवढी मोठी आली, कारण त्या क्षणी तुझा सगळा जीव त्या मुलात होता."

रेश्मा आता खाली बसली. मग म्हणाली, "हे कोर्टात सांगाल?"

"सांगेन."

हे सांगणं सोपं नव्हतं. हा नवा शोध केतकीबाईंनी त्यांचा शेवटचा विद्यार्थी निनाद पेठे याच्याबरोबर लावला होता. निबंध तयार होता, पण निनादनं त्यावरून आपलं नाव मागं घेतलं होतं. पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत तो आता मुख्य शास्त्रज्ञ होता. साक्षीची बातमी कळताच तो घरी आला.

"मॅडम, तुम्ही काय करताय याची कल्पना आहे का? या लहरीवर किती जण तुरुंगात आहेत! सगळे खटले उलटतील."

"उलटू देत की."

"आणि तुमचं नाव? आयुष्यभराचं काम तुम्ही स्वतःच्या हातानं पुसताय."

"काम तेच आहे, निनाद. मी त्याचा अर्थ दुरुस्त करतेय."

"लोकांना अर्थ एकदाच कळतो," निनाद म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

सत्र न्यायालयात केतकीबाई साक्षीला उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याचं उदाहरण त्यांनी तिथंही दिलं, आकडे दिले, आलेख दाखवले. सरकारी वकील शांतपणे ऐकत होता. मग त्यानं त्यांचाच जुना निबंध काढून वाचायला सुरुवात केली. 'मेंदूनं दखल घेतली', 'मेंदूनं ओळखलं', 'मेंदूला माहीत होतं'. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबे आणि विचारी, "हे आपणच लिहिलंय?"

"हो."

"तेव्हा आपण चुकत होतात की आता चुकताय?"

"तेव्हा मला अर्धंच कळलं होतं."

"आणि हा नवा शोध कुठल्या नियतकालिकात छापून आलाय?"

"अजून नाही आला."

"आपले सहसंशोधक?"

केतकीबाईंनी हातातले कागद सारखे केले. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. तरीही न्यायाधीशांनी त्यांचे आलेख पुढ्यात ओढून घेतले, चष्मा चढवला आणि दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. रेश्माच्या वकिलाचा चेहरा उजळला. संशयाचा फायदा मिळेल असं पहिल्यांदाच वाटू लागलं.

न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

रेश्मा उठली. तिनं एकदा केतकीबाईंकडे पाहिलं.

"साहेब, मॅडम माझ्यासाठी चांगलंच बोलतायत. पण मी बघितलं होतं. आता मला स्पष्ट आठवतं. त्या पोराला ओढत होते तेव्हा डाव्या हाताला ती होती. लाल टोपी घातलेली. तिनं हात वर केला होता. मी बघितलं आणि तोंड फिरवलं."

केतकीबाई जागेवरून उठल्या. "हे खरं नाही! हे तिला नंतर सुचलंय. लहर आहे असं कळल्यावर तिच्या मनानं..."

"बसा, मॅडम," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी आलेखांची चळत बाजूला सारली. आरोपी स्वतः कबूल करत असताना शास्त्राची गरज उरली नव्हती. पट्टीचं म्हणणं आणि माणसाचं म्हणणं तंतोतंत जुळत होतं.

रेश्माला सात वर्षांची सजा झाली. पोलीस तिला नेत होते तेव्हा केतकीबाई घाईनं तिच्याजवळ गेल्या. "रेश्मा, का बोललीस हे? मी तुला समजावून सांगितलं होतं!"

"समजलं होतं मॅडम," रेश्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट खूप दिवसांनी ओझं उतरल्यासारखा एक थकवा होता. "पण मला दिसतं ना ती. रोज दिसते. मग मी काय करू?"

बाहेर व्हरांड्यात, बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. अर्चना कुंभोजकर, मेलेल्या मुलीची आई. केतकीबाई तिला चुकवून जाणार होत्या, पण तिनंच हाक मारली.

"ताई, जरा थांबता?"

त्या थांबल्या.

"माझ्या मीराला टोपीच नव्हती," अर्चना हळू आवाजात म्हणाली. "टोपीत केस ओढले जातात म्हणून ती घालायचीच नाही. मी आत ऐकलं ते. लाल टोपी म्हणाली ती पोरगी."

केतकीबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "मग हे तुम्ही सांगायला हवं! अजून अपील करता येईल. माझ्याबरोबर चला, आत्ताच वकिलांना भेटू. तिनं पाहिलं नव्हतं याचा याहून मोठा पुरावा नाही."

अर्चनानं हात सोडवून घेतला.

"नाही ताई. मी नाही सांगणार. इतके दिवस मला एकच वाटायचं. भर दुपारी, एवढ्या माणसांत माझं लेकरू गेलं आणि कुणाचंही लक्ष नव्हतं. कुणाचंच. आज ती पोरगी म्हणाली, मीराचा हात तिला दिसला होता. टोपीचं चुकलं असेल तिचं. पण हात दिसला होता." तिनं केतकीबाईंकडे मान वर करून पाहिलं. "दिसला होता ना, ताई? तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्ही सांगा."

कोर्टातली माणसं व्हरांड्यातून ये-जा करत होती, बोलत होती, धक्के देत होती. डॉ. केतकी रणपिसे, ज्यांनी आपलं आयुष्य माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही यात घालवलं होतं, त्या अर्चनाच्या शेजारी बाकावर बसल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसला होता."