मधली जागा

कामाच्या पहिल्याच दिवशी ती पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात शिरली आणि खोलीच्या मधोमध सरळ चालत खिडकीजवळच्या टेबलाशी गेली. सगळ्यांच्या सुया थांबल्या. मालकीणबाईंच्या हातातला खळीचा ब्रश तसाच राहिला.

"मधून नाही जायचं," मालकीणबाईंचा मुलगा हळूच म्हणाला. "भिंतीच्या कडेनं."

"का? काय आहे तिथे?"

"काही नाही." तो ओशाळून हसला. "आई कडेनं जाते. ती तिच्या सासूबाईंना बघून शिकली, मी आईला बघून."

"म्हणजे मेंढरंच की सगळी!"

त्याला राग यायला हवा होता. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला... आणि तीही कान लाल होईपर्यंत दोरा ओवत राहिली.

पण हसण्यावारी नेलेली गोष्टसुद्धा अंगवळणी पडतेच. थंडी सरेपर्यंत तिचेही पाय कडेनं वळू लागले. मग वाटायला लागलं, मध्ये खरंच कुणीतरी म्हातारं बसलंय — पाठ वाकवून, कागद दुमडत. एकदा घरी जाताना मोकळ्या रस्त्यावरही ती कशाला तरी वळसा घालून गेली, आणि लक्षात येताच घरापर्यंत पळत सुटली.

नेमकं दुसऱ्या दिवशी त्यानं खोलीच्या पलीकडून विचारलं, "माझ्याशी... लग्न करशील?"

तिचा जीव जडला होता त्याच्यावर, खोटं कशाला बोला! पण असं भीत भीत जन्म काढायचा?

"करीन. पण सरळ मधून ये, आणि इथे समोर उभा राहून विचार."

तो निघाला. खोलीच्या मध्याशी येऊन थिजला. "पाय उचलत नाही गं..."

ती उठून त्याच्या समोर गेली. तिथली हवा गार होती. तिला आपलं घर आठवलं — एका खोलीत माणसांचं अख्खं खटलं. तिथे वाट हवी असली की घाबरायचं नसे, सरकायला सांगायचं असे.

"आजोबा," ती अदबीनं म्हणाली, "जरा सरकता का? त्याला यायचंय."

जमिनीची मधली फळी करकरली. मग शेजारची. मग थेट भिंतीजवळची.

तो आला. त्याचा हात बर्फासारखा झाला होता, तरी तिनं तो सोडला नाही.

"आमच्यात त्यांना कुणी कधी विचारलंच नाही," तो पुटपुटला.

मालकीणबाई सवयीनं कडेनं निघाल्या आणि भिंतीजवळच्या त्या फळीपाशी थबकल्या. "अगं बाई! आता मी कुठून जाऊ?"

ती लाजली. त्याचा हात घट्ट धरून म्हणाली, "मधून या ना... आई."