अकरावं मिनिट

अनसिंगच्या बाजारात नरेंद्रनं पाव किलो अद्रक घेतलं, तेव्हा भाजीवाल्या विमलबाईनं काटा हातात तसाच धरून विचारलं, "एवढं अद्रक कायले पाह्यजे बावा? घरी लगन हाय का?"

"खोकला हाय," तो म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला.

खोकला नव्हता. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षं प्रवाशांची गाडी चालवणाऱ्या माणसाला गाडी लागू लागली होती. तीही रस्त्यावर नाही, तर घरात खुर्चीवर बसून, पोरीच्या कॉम्प्युटरवरचा खेळ खेळताना.

सुरुवात आगारातच झाली होती. पंचेचाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरांची परीक्षा घ्यायला एक नवं यंत्र आलं. समोर मोठा पडदा, खाली खरंखुरं स्टिअरिंग, क्लच, ब्रेक. पडद्यावर रस्ता पळतो आणि आपण जागच्या जागी. सगळ्यांनी हसतखेळत चालवलं. नरेंद्र बसला, आणि थोड्याच वेळात त्याच्या कानशिलांवर घाम आला, तोंडात पाणी सुटलं आणि तीस जणांसमोर सकाळचे पोहे त्या स्टिअरिंगवर पडले.

परीक्षा घेणारे साहेब भले होते. त्यांनी पंधरा दिवस दिले. "पुन्हा असंच झालं तर स्टिअरिंग सोडावं लागेल," एवढंच ते म्हणाले. स्टिअरिंग सोडणं म्हणजे वॉशिंगला जाणं, दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्या पाइपानं धुणं. दुसऱ्या दिवसापासून आगारात कोणी ना कोणी त्याच्या खिशात प्लास्टिकची पन्नी कोंबायचं. "राहू द्या भाऊ, कामी येते." तोही हसायचा. घरी आल्यावर त्या पन्न्या घडी घालून फळीवर ठेवायचा, कारण फेकून द्यायचीही त्याला लाज वाटे.

त्याची धाकटी मुलगी धम्मदीपा रोज जाऊन-येऊन वाशिमला बीएस्सी करत होती. आई मोठ्या लेकीच्या बाळंतपणासाठी पुसदला गेलेली, म्हणून घरात दोघंच. पोरीनं सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, आणि मैत्रिणीच्या भावाकडून खेळण्यातलं स्टिअरिंग मागून आणलं.

"बाबा, हे लय जनाईले होते," ती म्हणाली. "डोळे सांगतात गाडी चालू हाय. कान सांगतात, नाही, आमी त जागीच बसलो. मंग मेंदूले वाटते, दोघाईतलं कोणीतरी एक खोटं बोलून राह्यलं. त्याले वाटते पोटात इख गेलं, जहर. म्हणून उलटी."

"खोटं बोललं की उलटी होते?"

"तसंच समजा."

नरेंद्रनं ते स्टिअरिंग मांडीवर ओढून घेतलं.

खेळातला देश थंड होता. दोन्ही बाजूंना बर्फ, सुईसारखी टोकदार झाडं आणि मधून निर्मनुष्य काळा रस्ता. लांब पल्ल्याची रिकामी बस चालवत राहायची, एवढाच खेळ. धम्मदीपा सकाळी कॉलेजला जाई. नरेंद्र सकाळची पाळी उरकून दीडला घरी येई, दार लोटून घेई आणि बसे. बाहेर ऊन असं पडलेलं असे की कुत्रंसुद्धा नालीत शिरून निजायचं. गल्लीत चिटपाखरू नसे. कूलरची घरघर आणि खेळातल्या इंजिनाची घरघर एकमेकींत मिसळून जात.

पहिल्या दिवशी चार मिनिटं टिकला. दुसऱ्या दिवशी साडेचार. त्यानं घाई केली नाही. पोरीनं सांगितलेलं एकेक करून पाहिलं. खुर्ची दोन हात मागं घेतली. टेबलफॅन तोंडावर लावला. दाढेखाली अद्रकाची चकती धरली. पडद्याचा उजेड कमी केला. पोटात ढवळायला लागलं की लगेच थांबायचं, ओढून ताणून बसायचं नाही, हेही पाळलं. सहा मिनिटं झाली. मग आठ.

"आता नजर एकाच जागी ठेवाची," धम्मदीपा म्हणाली. तिनं आपल्या पाकिटातली एक बारीक टिकली काढून पडद्याच्या बरोबर मध्यभागी चिकटवली. पाकिटात हिरव्याच उरल्या होत्या. "रस्ता कितीबी पळू द्या. तुमी हिच्याकडं पाहा. हे हालत नाही."

त्या दिवशी तो अकरा मिनिटं टिकला. आणि अकराव्या मिनिटाला त्याला ती दिसली.

लांबवर, बर्फाच्या कडेला, कोणीतरी उभं होतं. खेळात माणसं नव्हतीच, म्हणून त्याला वाटलं खांब असेल. गाडी जवळ गेली तशी ती उंची माणसाची झाली. लुगडं. काखेत गठुडं. आणि एक हात वर... बस थांबवायला आपल्याकडं कोणीही करतं तसा. घाई नाही, ओरडणं नाही. नुसता वर केलेला हात.

त्यानं नजर टिकलीवरून हलवली नाही. टिकलीच्या भोवती चेहरा जमत गेला. आधी कपाळ, मग पांढरे केस, मग सुकलेले ओठ. टिकली नेमकी त्या कपाळावर बसली, जिथं जुन्या बायांना हिरवं गोंदण असतं तिथं.

खोलीत तापलेल्या डांबराचा वास आला.

नरेंद्र मोरीपर्यंतही पोचला नाही. उंबऱ्यावरच ओकला. नंतर गुडघ्यावर बसून फरशी पुसताना त्याच्या मनात पहिला विचार आला तो भीतीचा नव्हता. धम्मदीपानं हे पाहिलं तर ती विचारेल, कोण होती. हा विचार आला.

ती कोण होती, ते त्याला पक्कं माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी जादा गाड्या सुटल्या होत्या. नरेंद्रच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या बाकावर एक म्हातारी एकटीच होती. तिला गाडी लागली आणि तिनं खिडकीतून बाहेर, थोडं आतही, ओकून टाकलं. गाडी त्यानं सकाळीच स्वतः धुतली होती. तो वाट्टेल ते बोलला. शेवटी कंडक्टर किशननं मागूनच घंटीचा एक टोला दिला, म्हणजे थांबा. म्हातारी उतरली. रस्त्याच्या कडेला वाकून बसली. किशन मागच्या गर्दीत तिकिटं फाडत अडकला होता. तेवढ्यात कोणा उतावळ्या प्रवाशानं घंटीची दोरी ओढली. दोन टोले. म्हणजे चला.

दोन टोले झाले की ड्रायव्हर गाडी काढतो. हाच नियम. पण त्याआधी ड्रायव्हर आरसा पाहतो, हाही नियम. नरेंद्रनं आरसा पाहिला. म्हातारी उठून उभी राहिली होती. गठुडं काखेत, आणि एक हात वर. आसपास झाड नव्हतं, घर नव्हतं, ऊन मी म्हणत होतं.

त्यानं गिअर टाकला.

किशन वाट काढत पुढं आला, तेव्हा निघून अकरा मिनिटं झाली होती. नरेंद्रला उगाच घड्याळ पाहायची सवय. "ते बुढी चढली का?" किशननं विचारलं.

"चढली. गर्दीत मागं सरकली."

तिसऱ्या दिवशी आगारात पोलीस आले. रस्त्यापासून आत, कोरड्या नाल्याच्या पुलाखाली, एक म्हातारी सापडली होती. उन्हानं गेली. कोणत्या गाडीतून उतरली, कोणाला माहीत? सगळे नाही म्हणाले. नरेंद्रही नाही म्हणाला. तिचं नावसुद्धा त्यानं ऐकून घेतलं नाही. पोलीस नाव सांगत असताना तो पाणी प्यायला गेला होता.

परीक्षेला पाच दिवस राहिले होते. रोज दुपारी तो खुर्चीवर बसे, आणि रोज अकराव्या मिनिटाला ती बर्फात उभी असे. दर दिवशी थोडी अलीकडं. एकदा त्यानं धम्मदीपाला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं.

"बाबा, काहून थांबले? रस्ता मोकळा त हाय."

"तुले... काही दिसलं नाही?"

"बरफ दिसला." ती वाकून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "तुमाले काय दिसलं?"

सांगायचं असतं तर तीच वेळ होती. कूलर घरघरत होता. पोरगी वाट पाहत होती. ह्या पोरीला त्यानं लहानपणापासून एकच शिकवलं होतं, की आपण कोणाचं काही देणं लागत नाही, म्हणून मान खाली घालायची नाही.

"काही नाही. चक्कर आली," तो म्हणाला, आणि तोंडावर हात दाबून मोरीकडं धावला.

परीक्षेच्या दिवशी अख्खं आगार जमलं होतं. कोणीतरी यंत्राच्या खाली बादली आणून ठेवली होती. "नरेंद्रभाऊ, पंधरा दिवसाचं जेवण धरून ठेवा बरं!" मागून हशा पिकला. साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "वीस मिनिटं. मधे कुठं थांबायचं नाही. थांबा नाही, प्रवासी नाहीत. सरळ चालवायची."

ह्या पडद्यावर बर्फ नव्हता. उन्हातला सरळ डांबरी रस्ता होता. दोन्हीकडं कापलेली रानं. नरेंद्रनं एक टिकली खिशात आणली होती, पण लावायची हिंमत झाली नाही. आठ मिनिटं गेली. नऊ. घशाशी आंबट आलं. मागं कोणीतरी बादली पायानं सरकवल्याचा आवाज झाला.

अकराव्या मिनिटाला ती होती. डाव्या कडेला. हात वर.

थांबलो तर परीक्षा गेली. नाही थांबलो तर पोट उलटणार, तरी गेलीच. पण त्या क्षणी त्यानं हा हिशेब केला नाही. त्याचा पायच आपोआप ब्रेकवर गेला. गाडी उभी राहिली. यंत्रात दाराचं बटण होतं, ते कोणी वापरत नसे. त्यानं ते दाबलं.

"चढा आजी," तो हळूच म्हणाला. "सावकाश... सावकाश चढा."

नरेंद्रनं आजी नीट बसेपर्यंत लागेल एवढा वेळ थांबून दार लावलं आणि गाडी काढली. पोटातली ढवळ कोणी हातानं काढून घ्यावी तशी गेली. उरलेली नऊ मिनिटं त्यानं अशी चालवली, की साहेबांनी वहीतून डोकं वर काढून पाहिलं.

"विनाकारण थांबलात. एक गुण गेला," साहेब म्हणाले. "पण प्रवासी समोर असल्यासारखं वागलात. पास."

टाळ्या वाजल्या. ज्यांनी बादली ठेवली होती तेही वाजवत होते. नरेंद्रला त्या टाळ्या थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या. दारात उभं राहून एकेकाला सांगावं, मी काय केलं आहे, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण कोणीतरी पेढा पुढं केला, आणि त्यानं तो खाल्ला.

महिन्यानं रामनवमी आली. जादा गाड्या निघाल्या. नरेंद्रला पोहरादेवीचीच फेरी लागली. किशन कधीच रिटायर झाला होता, त्याच्या जागी गोविंदा नावाचा तरुण कंडक्टर. सकाळची गर्दी अशी, की लोक दाराला लोंबकळत होते. नरेंद्रच्या पोटात काही ढवळत नव्हतं. हात स्थिर होते. आता सगळं फिटलं, असंच त्याला वाटत होतं.

अनसिंग मागं पडल्यावर गोविंदा धक्के खात पुढं आला आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या दांड्याला टेकला.

"भाऊ, हे तुमच्या बरोबर मागच्या सीटवरच्या आजीचं तिकीट कुठलं फाडू?"

नरेंद्रचं लक्ष रस्त्यावर होतं. "इचार ना त्याईले."

"इचारलं. बोलतच नाही. पोहरादेवी म्हणलं, त मुंडी हालवते, नाही म्हणते. मधली गावं सांगतली, तरी नाही. कुठं जाचं म्हणलं, त नुसतं तुमच्याकडं बोट दाखवते."

गाडी सरळ रस्त्यावर आली होती. दोन्हीकडं रानं मोकळी. इंजिन एका सुरात घरघरत होतं. आरशात मागची सगळी गाडी दिसत होती, घामेजलेली तोंडं, लटकणारे हात, पोरं... फक्त ड्रायव्हरच्या पाठीला लागून असलेली सीट त्या आरशात येत नाही. ती कोणत्याच गाडीत येत नाही.

"घरची हाय का तुमची?" गोविंदानं विचारलं. "घरची असन त ठीक हाय. मले तसं सांगा, म्हणजे झालं."

आता सांगता आलं असतं. गाडी कडेला घेऊन, साठ माणसांसमोर. नरेंद्रनं तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला. "घरचीच हाय."

गोविंदा समजुतीनं हसला. मागं वळून मोठ्यानं म्हणाला, "बसा आजी, बसा आरामात! भाऊची ड्युटी सुटली की जा त्याईच्याच संगं घरी."

जादा फेऱ्या धरून ड्युटी संध्याकाळी साडेसातला सुटायची होती. आगारापासून घर पायी बारा मिनिटांवर. घरी धम्मदीपा एकटीच होती.