चौदा नंबरचा ठिपका

“हात लावू नका! मी सांगेपर्यंत फोनला अजिबात हात लावू नका!” आई ओरडली.

मुंगीने हातातली सुतळी सोडली, वकिलाने तोंडाशी नेलेलं बिस्किट हवेतच थांबवलं आणि चिकट्याने तर दोन्ही हात वर केले.

“तुम्हाला नाही रे!” आईला हसू आलं. “नऊ नंबरवाल्या काकांना सांगतेय.”

सुट्टी लागली होती आणि तिघांचा तराफा बांधायचा बेत चालला होता. मुंगीला कुणी एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून ती मुंगी. वकील तिचा मावसभाऊ. सुट्टीला आलेला आणि सूर्य पूर्वेला उगवतो यावरही वाद घालणारा. चिकट्या हा मुंगीचा धाकटा भाऊ. तो का चिकट्या, हे त्याला एकदा सोबत नेलं की कळायचं.

मुंगीची आई घरबसल्या एका कंपनीचे फोन सांभाळायची. कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. प्रत्येक मेकॅनिकला कंपनीने एक फोन दिलेला. त्यावरून कुणाशी बोलता येत नसे. ‘अमक्या इमारतीची लिफ्ट अडकली, जा’ असा निरोप यायचा आणि काम झालं की फोटो पाठवायचा. एवढंच त्याचं काम. सगळे फोन सारखे, काळे, नवेकोरे. ओळखायला कव्हरवर नंबर चिकटवलेला. फोन कुठे अडला की आई लॅपटॉपवर ब्राउझर उघडायची, त्या नंबरवर टिचकी मारायची आणि इथूनच तो बंद-चालू करायची. हरवला तर इथूनच वाजवायची. नकाशावर प्रत्येक फोनचा एक हिरवा ठिपका. फोन शहरभर हिंडायचे आणि आई आपली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी!

“आता बघा हं काका. झाला बंद?”

“कुठे काय वहिनी! जसाच्या तसा आहे,” काकांच्या स्वतःच्या मोबाइलवरून आवाज आला.

“कमाल आहे. आठवडाभर सगळेच फोन हट्टाला पेटलेत!”

तेवढ्यात चिकट्या दाराकडून किंचाळला, “बाबांचा फोन झोपला! अरे, उठला! परत उठला!”

बाबा बूट घालत होते. तेही याच कंपनीत मेकॅनिक. “बॅटरी उतरली असेल रे,” म्हणत त्यांनी चौदा नंबर लिहिलेला आपला फोन खिशात टाकला आणि हत्यारांची पिशवी उचलून ते गेले.

“बॅटरी उतरली तर फोन आपला आपण उठेल कसा?” वकिलाने विचारलं. पण त्याचं ऐकतंय कोण! सुतळीची गाठ सुटली होती.

दुपारी मात्र कंपनीच्या साहेबांचा फोन आला. आईचे हात पिठाचे होते, म्हणून तिने स्पीकर लावला. तोच नडला, कारण तिघांनीही सगळं ऐकलं.

“मॅडम, तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगतो. चौदा नंबर रोज दुपारी दोन-दोन तास बस डेपोमागच्या एका इमारतीत बसून असतो. तिथे आपली एकही लिफ्ट नाही. उद्या संध्याकाळी सगळे यार्डात येतील, तेव्हा तुमच्या मिस्टरांना कामावरून मोकळं करतो.”

“साहेब, त्यांना एकदा विचारा तरी!”

“विचारलं. म्हणतात, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. खड्ड्यात बघायला कोण येतंय? माणूस खोटं बोलतो, नकाशा बोलत नाही.”

आईने पिठाच्या हातानेच लॅपटॉप ओढला. चौदा नंबरचा ठिपका बस डेपोच्या मागे होता. ढिम्म. पीठ सुकून तडकलं, तरी तो ठिपका हलला नाही.

संध्याकाळी बाबा आले. आईने पाणी दिलं आणि हळूच विचारलं, “अहो, खरं सांगा. कुठे जाता दुपारचे?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं तेव्हा ते चिडले असतील. आता चिडले नाहीत. पेला तसाच ठेवून ते बाल्कनीत जाऊन बसले. जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही. भांड्यांचाच काय तो आवाज.

“मला नाही खरं वाटत,” अंथरुणावर पडल्या पडल्या मुंगी कुजबुजली.

“पुरावा?” वकील म्हणाला.

“बाबा खोटं बोलतात तेव्हा कान खाजवतात. आज नाही खाजवला!”

“कोर्टात कान चालत नाही. जाऊन बघायला हवं.”

“मी पण!” पांघरुणातून चिकट्या म्हणाला. झोपलाय असं वाटत होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी वकील पोट दुखतंय म्हणून घरी राहिला. म्हणजे आईच्या लॅपटॉपजवळ. मुंगी आणि तिचा चिकट्या घरातला जुना मोबाइल घेऊन निघाले, तराफ्याला बांबू बघायला म्हणून.

बस डेपोच्या मागे एकच इमारत होती. बुटकी, पिवळी, दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी. फार दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ठेवायची जागा होती ती. औषधाचा वास नाकात बसत होता. एकेका दारातून मुंगी डोकवायची आणि मनात घोकायची, ‘बाबा नसू देत, बाबा नसू देत.’ इतकं घाबरून तिने आजवर कुणाला शोधलं नव्हतं.

बाबा कुठेच दिसेनात! तिने वकिलाला फोन लावला. “ठिपका कुठाय?”

“तुझ्या डोक्यावर बसलाय म्हण ना! तिथेच आहे.”

“मग आईला सांग, वाजव म्हणावं चौदा नंबर!”

पलीकडे जरा वेळ कुजबुज झाली. “बांबू बघायला गेलात ना?” असा आईचा आवाज आला. मग टिचकीचा आवाज.

आणि इमारतीत सायरन सुरू झाला! हरवलेला फोन वाजवायचा तो आवाज, कानठळ्या बसवणारा. “कोणाचं आहे ते? बंद करा!” एक नर्स धावली. तिच्या मागे मुंगी, मुंगीच्या मागे चिकट्या.

शेवटची खोली. दारातच मुंगी थांबली. बाबा नव्हते! तिला उडी मारावीशी वाटली.

पलंगाशी शिट्टीकाका होते. लिफ्टच्या खड्ड्यात उतरले की वरच्यांना कळावं म्हणून ते सतत शिट्टी वाजवत, म्हणून बाबा त्यांना तसं म्हणायचे. कालचे नऊ नंबरवाले काका ते हेच. त्यांच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात तो बोंबलणारा फोन. ते सगळी बटणं दाबत होते, पण तो काही ऐकेना. पलंगावरच्या काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवून ओठ घट्ट मिटले होते. तोंडातलं सूप हनुवटीवरून उशीवर ओघळत होतं.

“आई, थांबव! लवकर थांबव!” मुंगी मोबाइलमध्ये ओरडली.

आवाज बंद झाला.

“मुंगी? तू इथे?” काका चकित झाले. “बाबांनी पाठवलं का?”

“नाही काका. तुमच्याकडे बाबांचा फोन आहे.”

“छे गं. हा बघ, नऊ.” त्यांनी कव्हर दाखवलं. मग त्या कव्हराकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलत गेला. “अरे देवा. बादली!”

“कसली बादली?” चिकट्याने विचारलं.

“मोठे पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, कव्हरं ग्रीसने काळी झालीत, शोभत नाहीत. सगळी काढायला लावली आणि एका बादलीत धुतली. वाळल्यावर हाताला येईल ते कव्हर समोर येईल त्या फोनला! आम्ही आपापला नंबर बघून उचलले. उघडायचे आकडेही सगळ्या फोनांना सारखेच, कळणार कसं?”

म्हणून आई एकाचा फोन बंद करायची आणि दुसऱ्याचाच झोपायचा! मुंगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “बाबा सुटले! बाबा सुटले!”

“म्हणजे नकाशावर,” काका सावकाश म्हणाले, “रोज मी दिसतोय.”

मुंगीचा उजेड तिथेच विझला.

काकूंच्या हनुवटीवरचं सूप काकांनी रुमालाने टिपलं. “माझ्या हातूनच खाते ती. दुसऱ्या कोणी चमचा धरला तर तोंड उघडत नाही. कामं मी संध्याकाळी थांबून संपवतो गं. एकही ठेवत नाही.”

“मग साहेबांना सांगा ना तसं!”

“सांगितलं होतं. म्हणाले, दुपारी येणार नसाल तर सकाळीही नका येऊ.” त्यांनी पुन्हा चमचा भरला. काकूंनी तोंड उघडलं नाही. “जा तू. बाबांसाठी धावत आलीस ना? मग सांग जा. माझी काळजी नको.”

घरी आल्यावर आईने आधी मुंगीला रागावून घेतलं आणि मग पोटाशी धरलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने लॅपटॉप मिटला. “मी त्यांना विचारलं तरी कसं तसं?” एवढंच पुटपुटली.

“माझ्याकडे युक्ती आहे, मावशी!” वकील उठून उभा राहिला. “सगळेच नंबर घोळात आहेत ना? आपण दुसरे वाजवू. पाच वाजवू, अकरा वाजवू! चौदा वाजवायचाच नाही! अख्खा नकाशाच खोटा ठरला, की कोणीच पकडलं जाणार नाही.”

यार्डात मेकॅनिक जमले होते. बाबा एकटेच जिन्याशी उभे होते. साहेबांनी घसा खाकरला, तोच आई लॅपटॉप घेऊन आत आली. मागे तिघं.

“साहेब, आधी पाच नंबर बघा,” ती म्हणाली.

“हा काय माझ्याकडे,” एका उंच मेकॅनिकने फोन वर धरला. आईने टिचकी मारली. त्याचा फोन मुका! आणि पलीकडे एका जाडजूड मामांचा खिसा बोंबलायला लागला. ते असे दचकले की हातातला चहा शेजाऱ्याच्या बुटावर!

“अकरा!” वकील ओरडला. तिसऱ्याच पिशवीत सायरन! हशा, टाळ्या, गोंधळ!

“साहेब, कव्हरं बादलीत धुतली तेव्हा नंबर बदलले,” मुंगीने धापा टाकत सांगितलं.

“म्हणून आठवड्याचा सगळा नकाशा बाद!” वकील म्हणाला. “तो कोणाच्याही विरुद्ध वापरता येणार नाही!”

साहेब लाल झाले, मग हसले. “घ्या! पोरांनी आमची हजामतच केली की!” त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. “चूक झाली. तुम्ही उद्या कामावर या.” बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे आईकडे होते.

सगळं जमलं होतं! अगदी सगळं!

“मॅडम,” साहेब म्हणाले, “आता चौदा वाजवा.”

आईचं बोट थांबलं. “नेट गेलंय, साहेब.”

“असं?” साहेबांनी स्वतःचा फोन काढला. ब्राउझर तर कुठेही उघडतो आणि पासवर्ड त्यांच्याकडेही होता.

सायरन वाजला. शिट्टीकाकांनी खिशात हातही घातला नाही. ते नुसते उभे राहिले आणि सगळे त्यांच्यापासून नकळत बाजूला सरकले.

“साहेब,” बाबा पुढे झाले, “त्यांच्या घरी आजारपण आहे. आणि नंबरांचा घोळ तर आपल्याच...”

“कव्हरांचं मी बघतो. कामावर नसणं वेगळं. सगळ्यांना एकच नियम.”

वकील काहीतरी बोलायला गेला. पण लगेच बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला. असं त्याचं कधी झालं नव्हतं.

“पोरं मात्र हिऱ्यासारखी हं!” साहेबांनी चिकट्याच्या केसांतून हात फिरवला. “असे डोळे उघडे ठेवणारे आमच्याकडे हवेत. शाबास!” त्यांनी कपाटातून रंगाच्या तीन पेट्या आणून तिघांच्या हातात दिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा उशिरा, जरा कमी.

फाटकापर्यंत शिट्टीकाकांची हत्यारं बाबांनी नेली. मुंगी मागे मागे गेली. तिला माफी मागायची होती, पण रडूच आलं.

“ए वेडे,” काका वाकून म्हणाले, “माझ्यासाठी कोणी असं शहरभर धावलं असतं, तर मला केवढं बरं वाटलं असतं. छान केलंस हो.” मग पिशवी खांद्यावर घेऊन ते गेले. रस्त्याने जाताना त्यांनी शिट्टी वाजवली नाही.

घरी जेवणं झाली. बाबा आज आईशी बोलत होते, उगाचच, कसलं कसलं. चिकट्या मध्येच म्हणाला, “आपण जिंकलो ना?” बाबांनी त्याच्या ताटात आणखी वाढलं.

मग लॅपटॉप टिंग वाजला. साहेबांचा निरोप होता: चौदा नंबर पुसून कोरा करावा, उद्या नवीन माणूस घेतोय.

आईने नकाशा उघडला. हिरवा ठिपका आता यार्डात, साहेबांच्या कपाटात होता. तिने ‘पुसा’वर टिचकी मारली. ‘नक्की?’ असं पडद्याने विचारलं. आई तशीच बसून राहिली.

मुंगी तिच्या खुर्चीला टेकली. “आई, तुला नको वाटतंय का? मी दाबू?”

“नको गं, बाळा,” आई म्हणाली. तिने मुंगीचा हात टेबलावरून उचलला आणि आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला. “तुझ्या हातून नको.”

मग दुसऱ्या हाताने तिने बटण दाबलं.